लाइन बॉक्समधले फोटो

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन ठेवला आणि बराच वेळ झोप आली नाही. आजोबांचा लाइन बॉक्स, म्हणजे गार्डची ड्यूटीवर न्यायची पेटी, माळ्यावरून काढलास, त्यात झेंड्यांखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले चाळीसेक फोटो निघाले, आणि आता त्यांच्या बरोबरीच्या माणसांना गाठून तू रेल्वेतल्या ट्रेनिंगच्या आठवणी लिहून घेणार आहेस. "कुठून सुरू करू?" असं तू विचारलंस. फोनवर मी काहीबाही बोललो. म्हटलं, निवांत लिहून कळवावं.

तो बॉक्स मी चांगला ओळखतो. काळा पत्रा, पांढऱ्या रंगात नाव आणि खाली 'गार्ड, भुसावळ'. हल्ली गार्ड म्हणत नाहीत. जानेवारी २०२२ पासून ते 'ट्रेन मॅनेजर' झाले. तू मात्र वहीत 'गार्ड'च लिही. ज्या काळची आठवण, त्या काळचा शब्द. फायरमन, काटेवाला, लॅम्पमन, तारबाबू, खलाशी यांतला एकही शब्द सुधारून घेऊ नकोस. नेटवर तुला आपल्या घाटातल्या जुन्या, लांब नाकाडाच्या विजेच्या इंजिनाला 'मगर' म्हटलेलं सापडेल. आपल्याकडे ते इंजिन 'खेकडा' होतं. कुणी म्हातारा ड्रायव्हर "खेकड्यावर होतो मी" म्हणाला, तर खेकडाच लिही.

आधी फोटोंचं. अल्बमला चिकटलेले असतील तर ओढून काढू नकोस, आहेत तसेच पानासकट स्कॅन कर. मागची बाजूही घे. स्टुडिओचा शिक्का मागेच असतो आणि कित्येकदा गावाचा पत्ता त्यावरूनच लागतो. मागे लिहायचं ते मऊ पेन्सिलीने. बॉलपेन दाबून लिहिलंस तर पुढे चेहऱ्यावर वळ उमटतो. आणि मोबाइलमध्ये फोटो 'स्वच्छ' करून देणारं जे काही आलंय, त्याच्या वाटेला जाऊ नकोस. माझ्या नातवाने एका फोटोवर ते करून दाखवलं. चेहरे गुळगुळीत झाले, आणि इंजिनाच्या नंबरातला ३ चा ८ झाला. नंबर गेला म्हणजे फोटोचं गावच गेलं.

तारीख नसलेला फोटो हातात आला की चेहरे नंतर बघ, आधी कडा बघ. डब्यावर किंवा टेंडरवर (इंजिनामागच्या कोळशा-पाण्याच्या गाड्यावर) जी.आय.पी., म्हणजे जुनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, अशी अक्षरं असतील तर तो बहुतेक ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधीचा, कारण त्या दिवशी मध्य रेल्वे झाली. 'बहुतेक' म्हणतो, कारण रंग काही एका रात्रीत बदलत नाही. वर विजेच्या तारा दिसतात का? मुंबईत त्या १९२५ मध्ये आल्या, पुण्यापर्यंत १९२९ मध्ये. पुण्याच्या फोटोत तारा नसतील, तर एकतर फोटो त्याआधीचा, नाहीतर फोटोवाल्याने दुसरीकडे तोंड केलं होतं. सिग्नलचा हात आडवा आहे की खाली कललेला, दिवा रॉकेलचा आहे की कसला, पाटीवर मैल आहेत की किलोमीटर, हे सगळं कडेलाच सापडतं.

तुझ्या बॉक्समध्ये चालत्या गाडीचे फोटो फार नसणार. पुलावर तर फोटोला मनाईच्या पाट्या असायच्या, आणि आमच्यात कॅमेरा होता कुणाकडे? म्हणून आमचे फोटो म्हणजे तीन प्रकार: रेल्वे सप्ताहातलं बक्षीस, निवृत्तीचा हार आणि ट्रेनिंगची बॅच. यांतला तिसरा सगळ्यात कंटाळवाणा दिसतो आणि सगळ्यात जास्त बोलतो. पुढे खुर्च्यांवर साहेब आणि मास्तर लोक, मागे बाकांवर उभी पोरं. खाली पुठ्ठ्यावर खुर्च्यांतल्यांची नावं हुद्द्यासकट, आणि मागच्या साठ जणांना मिळून एकच शब्द, 'प्रशिक्षणार्थी'.

ही रीत आजची नाही. बोरघाट बांधताना काढलेले फोटो तू पाहिले असशील. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि काही दिवसांतच वारला. पुढे त्याच्या बायकोने, ॲलिसने, ते कंत्राट चालू ठेवलं. २५ बोगदे, ३७ फुटांना एक फूट असा चढ, आणि भरात असताना ४० हजारांवर माणसं कामाला. १८६३ मध्ये घाट खुला झाला. ट्रेडवेलांची नावं इतिहासात आहेत. फोटोत कातळाच्या कडेला मुंग्यांसारखी दिसणारी जी माणसं आहेत, त्यांतल्या एकाचंही नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही. त्यांना विचारायला आता कुणी उरलेलं नाही. तुझ्या फोटोतल्यांना विचारायला मात्र अजून आहेत. म्हणून तुझं पहिलं काम नावांचं. आठवणी वाट बघतात, पोरी, नावं बघत नाहीत. नाव काकांना आठवलं नाही तर काकूंना विचार. कुठल्या क्वार्टरमध्ये कोण राहायचं आणि कुणाच्या घरी पहिला पाळणा कधी हलला, हे त्यांना पाठ असतं.

आता माणसांचं. "ट्रेनिंगच्या काही आठवणी सांगा" असं विचारलंस की भाषण मिळेल. शिस्त होती, साहेब कडक होते, हल्लीच्या पोरांना काही येत नाही. ते ऐकून घे, चहा पी, आणि मग विचार: "तुम्ही ट्रेनिंगमध्ये काय चुकला होतात?"

मी आधी माझं सांगतो. १९७९ मध्ये असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून भुसावळच्या झेडटीएसला, रेल्वेच्या ट्रेनिंग स्कूलला, होतो. उन्हाळा भुसावळचा, त्यामुळे त्याबद्दल काही लिहीत नाही. मॉडेल रूममध्ये मोठ्या टेबलावर रूळ मांडलेले, छोटी स्टेशनं, सिग्नल, आणि प्रत्येक स्टेशनावर आमच्यातला एकेक जण मास्तर. माझ्या सेक्शनमध्ये, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या रुळावर, एक गाडी उभी होती आणि मी दुसरीला लाइन क्लिअर, म्हणजे आत यायची परवानगी, दिली. वीतभर लांबीच्या दोन गाड्या खट्‌कन एकमेकींवर आदळल्या. सगळे हसले, मीही हसलो. शिकवणारे सर हसले नाहीत. त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि अपघाताची तार लिहायला सांगितली. वेळ, ठिकाण, गाडी नंबर, सगळं लिहिलं. मृतांचा आकडा मी रिकामा ठेवला. "भर," ते म्हणाले. मी पेन धरून बसलो. मेसची घंटा झाली, बाकीचे जेवायला गेले, आणि आम्ही दोघं तिथेच. शेवटी मी एक आकडा लिहिला. किती ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पुढे ३६ वर्षं नोकरी केली, पण ब्लॉकच्या यंत्राला, म्हणजे शेजारच्या स्टेशनाशी लाइन क्लिअर देण्याघेण्याच्या यंत्राला, हात लावताना तो आकडा आठवला नाही असा दिवस गेला नसेल.

अशा गोष्टी सहसा पहिल्या भेटीत मिळत नाहीत. दुसऱ्या भेटीला जा.

आणि माणसाच्या तोंडाला विचारतेस तसं हातालाही विचार. दौंड-मनमाडच्या एकेरी मार्गावर मी होतो तेव्हा गाडीला सेक्शनमध्ये शिरायची परवानगी म्हणजे यंत्रातून निघणारा लोखंडी गोळा. चामड्याच्या पिशवीत घालायचा, पिशवी वेताच्या कड्याला, आणि न थांबणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरने ते कडं हाताने झेलायचं. आमचा काटेवाला कडं कसं धरायचा हे मी शब्दांत सांगू शकत नाही. त्याला मात्र ऐंशीव्या वर्षीही एखादी बांगडी दिलीस तर उभा राहून दाखवेल. तेव्हा रेकॉर्डर नको, व्हिडिओ घे. गार्ड लोकांना गाडीच्या बचावाचे फटाके, म्हणजे मागून-पुढून येणाऱ्या गाडीला इशारा द्यायला रुळावर ठेवायचे ते, कसे लावायचे ते विचार. "सहाशे मीटरवर एक, बाराशेवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतराने" हे झोपेतून उठवलं तरी येतं, आणि म्हणताना बोटं आपोआप हलतात. कुणी तेच अंतर मीटरऐवजी यार्डाच्या मापात सांगितलं, तर समज की हा माणूस मेट्रिक यायच्या आधी शिकलेला.

गेल्या वर्षी एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला गेलो होतो. विसरण्याचा आजार. मुलालाच विचारतात, आपण कोण? मला ओळखायचा प्रश्नच नव्हता. चहा आला. काय बोलावं सुचेना, म्हणून मी बोटाने टेबलावर एक टोला दिला. ब्लॉकच्या घंटीची रीत अशी, की आलेले टोले जसेच्या तसे परत द्यायचे, म्हणजे पलीकडच्याला कळतं की ऐकू गेलं. त्यांनी चमच्याने बशीवर एक टोला दिला. मी दोन दिले: लाइन क्लिअर आहे का? दोन परत आले. मी तीन दिले, म्हणजे गाडी सेक्शनमध्ये शिरली. तीन परत. मग ते खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, संपलं. मुलाशी माझं इकडचं तिकडचं बोलणं सुरू झालं. सात-आठ मिनिटं गेली असतील. मधेच बशीवर स्पष्ट चार टोले पडले. गाडी पोचली होती. मी चार परत दिले.

एक सावधगिरी. १९७४ च्या संपाचं पहिल्या दिवशी काढू नकोस. ८ मे ला सुरू झाला, जवळपास तीन आठवडे चालला. कुणी तुरुंगात गेलं, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या सेवेत खंड पडला, आणि कुणी कामावर हजर राहिलं. एकाच बॅचच्या फोटोत खांद्याला खांदा लावून उभे असलेले दोघं पुढे एकमेकांच्या घरच्या लग्नाला गेले नाहीत, असं मी पाहिलंय. तू काही विचारू नकोस. फोटो पुढे ठेव आणि गप्प बस. सांगायचं असेल तर सांगतील, आणि सांगितलं तरी छापायच्या आधी पुन्हा जाऊन विचार.

दोघांनी एकच गोष्ट दोन तऱ्हांनी सांगितली तर भांडण लावू नकोस, दोन्ही लिही. नियमाचं काही असेल तर नियमाचं पुस्तक उघडून बघ. तुझ्या आजोबांचं त्या बॉक्समध्येच असणार, झेंड्यांच्या बाजूच्या कप्प्यात. दुरुस्तीच्या चिठ्ठ्या चिकटवून चिकटवून ते दुप्पट जाड झालेलं असेल. काही ओळींखाली लाल पेन्सिल दिसेल. आजोबांना रिफ्रेशरला, म्हणजे नोकरीतल्या उजळणीच्या ट्रेनिंगला, तिथेच विचारलं असणार, असं समज.

सोबत माझ्या बॅचच्या फोटोची झेरॉक्स पाठवतोय. मागच्या रांगेतल्यांची जेवढी नावं आठवली तेवढी लिहिली आहेत, ६१ पैकी ४४. त्यात अगदी डाव्या कडेला, फ्रेमने अर्धा कापलेला एक पोरगा दिसेल, खांद्यावर फडकं टाकलेला. तो आमच्यातला नाही, मेसमधला. परीक्षेच्या आधी रात्री दोन-दोनला चहा आणून द्यायचा, आणि आमच्याकडून ऐकून ऐकून त्याला घंटीचे सगळे कोड पाठ झाले होते. आमच्यातल्या दोघांपेक्षा बरे येत होते. आम्ही त्याला "ए चहा" म्हणायचो. सहा महिन्यांत मी त्याचं नाव विचारलं नाही.

मॉडेल रूमचे जे खलाशी होते ते अजून भुसावळलाच असतात, पत्ता फोनवर सांगतो. सकाळी नऊच्या आत जा, नंतर ते झोपतात. थोडं मोठ्याने बोलावं लागेल. आधी तुझ्या आजोबांचं नाव सांग, मग हा फोटो दे आणि डाव्या कडेवर बोट ठेव.

काही कळलं तर वेळ बघू नकोस, फोन कर. नाइट ड्यूटीची सवय, मी जागाच असतो.

तुझा,
मास्तर आजोबा