भाताला शेणखत घातल्यावर युरिया, डीएपी किती घालायचं?

तुम्ही विचारलंय की खानापूर तालुक्यात दोन एकर भात आहे, यंदा शेणखत घालायचं म्हणताय, मग रासायनिक खत बंद करायचं का चालू ठेवायचं, आणि दोन्ही एका शेतात घातलं तर एकामुळं दुसरं वाया जातं असं गावात म्हणतात ते खरं का. मी बेळगाव तालुक्यातला, घरची भातशेती, थोडं रान काळं आणि थोडं तांबडं, त्यामुळं दोन्ही जमिनींचं सांगू शकतो.

आधी सरळ उत्तर देतो. दोन्ही घाला. एकामुळं दुसरं वाया जात नाही, उलट युरिया आणि डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेलं खत) शेणखत घातलेल्या रानात जास्त लागू होतं. पण शेणखत घातल्यावर युरिया नेहमीएवढाच टाकायचा नसतो, कमी करायचा असतो, आणि आमच्याकडं नेमकं हेच कोण करत नाही बघा. दोन ट्रॉली शेणखत घालतात आणि वर युरिया मागच्या वर्षीएवढाच, का तर शेजाऱ्याचं भात जास्त काळंभोर दिसतंय म्हणून, आणि मग ऑगस्टमध्ये करपा (पानावर डाग पडून पान वाळवणारा रोग) आला, दसऱ्याच्या आसपास भात आडवं पडलं की शेणखताला नाहीतर बियाण्याला दोष देत बसतात. आपल्याकडचा पाऊस आणि ढगाळ हवा करप्याला आधीच पोषक, त्यात नत्र (म्हणजे नायट्रोजन, युरियातनं मिळतं ते) जास्त झालं की पान मऊ लुसलुशीत होतं आणि रोग तुटून पडतो. बासमती आणि इंटाण असलं उंच वाढणारं भात असेल तर लोळायला एक मोठा पाऊस पुरतो.

आता हिशोब सांगतो, कारण आकडे डोळ्यासमोर असले की घाबरायला होत नाही. भाताला एकरी साधारण 40 किलो नत्र, 20 किलो स्फुरद (फॉस्फरस), 20 किलो पालाश (पोटॅशियम) धरतात. शेणखत नसेल तर हे भागवायला एका पोत्यापेक्षा थोडं कमी डीएपी, दीड पोतं युरिया आणि तीसेक किलो पोटॅश (पालाश देणारं खत) लागतं. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र असतं अर्धा टक्का, म्हणजे टनाला 5 किलो. एकरी चार टन घातलं (ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉली भरून म्हणा) तर 20 किलो नत्र झालं, आणि युरियाच्या 45 किलोच्या पोत्यातपण जवळजवळ तेवढंच नत्र असतं. कागदावर बघितलं तर चार टन शेणखत म्हणजे एक पोतं युरिया. पण हे सगळं पहिल्या वर्षी मिळत नाही, पहिल्या हंगामात फार तर त्यातला तिसरा हिस्सा पिकाला लागतो, बाकी पुढच्या दोन-तीन वर्षांत हळूहळू सुटतं. म्हणून पहिल्या वर्षी एकरी 12 ते 15 किलो युरिया कमी करा, तेवढंच. एकदम निम्मा केला तर भात पिवळं पडणार आणि तुम्ही शेणखतालाच नावं ठेवणार. दरवर्षी किंवा वर्षाआड शेणखत पडत राहिलं तर तीन-चार वर्षांनी पाव हिस्सा युरिया आरामात कमी होतो, पिकात फरक दिसत नाही.

पोटॅशचं मात्र वेगळं आहे. शेणखतातला पालाश बराचसा पहिल्याच वर्षी लागू होतो. आणि एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही, भात जेवढा पालाश जमिनीतनं उचलतं त्यातला बहुतेक सगळा पिंजरात (भाताच्या वाळल्या काडात) राहतो, दाण्यात फार थोडा जातो. म्हणजे तुम्ही पिंजर विकून टाकलं की रानातला पालाश दुसऱ्याच्या गोठ्यात गेला. घरच्याच म्हशीला घातलं आणि शेण परत रानात आलं तर तो फिरून घरात राहतो. ज्यांच्याकडं जनावरं कमी झालीत आणि पिंजर सगळं विकलं जातं त्यांनी पोटॅश अजिबात चुकवू नये, आणि आता तर निम्म्या घरातनं जनावरं गेलीच आहेत.

आता मुख्य मुद्दा, शेणखत कसलं घालताय. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते इथं, कारण खत असतं पण ते ठेवण्यातच निम्मं जातं. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी, कणकुंबी भागात पाऊस किती हे तुम्हाला सांगायला नको, गायरी (शेणखताचा खड्डा) उघड्यावर, वर छप्पर नाही, आणि जूनपासून त्यातनं चहाच्या रंगाचं पाणी गटारीनं वाहत असतं. तेच तर खत! नत्र आणि पालाश विरघळून त्या पाण्यातनं ओढ्याला जातंय, मागं राहतो तो नुसता चोथा. गायरीवर साधं गवताचं छप्पर करा नाहीतर जुनी ताडपत्री टाका, आणि चारी बाजूनं मातीचा बांध घाला म्हणजे बाहेरचं पाणी आत येणार नाही. गोठ्यातलं मूतपण वाया घालवू नका, शेणापेक्षा मुतातलं नत्र पिकाला लवकर लागतं, खाली पिंजर नाहीतर पालापाचोळा अंथरला की तो शोषून घेतो आणि तोच गायरीत टाकायचा. गोबर गॅस असेल तर त्याची स्लरी उत्तमच.

दुसरं नुकसान होतं ते मे महिन्यात. ट्रॉलीनं खत आणून रानात छोटे छोटे ढीग करून ठेवतात आणि वळीव पडेपर्यंत ते उन्हात तसेच. उन्हानं वाळून नत्र हवेत उडून जातं आणि वळवाच्या पहिल्या पावसात उरलंसुरलं ढिगाच्या खालीच मुरतं. जुलैत अशा रानाच्या बांधावर उभं राहून बघा, जिथं जिथं ढीग होता तिथं तिथं गोल काळपट हिरवा ठिपका दिसतो, भात हातभर जास्त वाढलेलं, आणि मधल्या जागेत फिकट. पुढं त्या गोलातलंच भात आधी पडतं आणि करपापण आधी तिथंच लागतो. म्हणून खत ज्या दिवशी आणाल त्याच दिवशी पसरा आणि नांगर नाहीतर रोटर मारून मातीत घाला, ते जमणार नसेल तर गायरीतच राहू दे.

खत कुजलंय का नाही हे बघायला हात आत घाला. गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर कच्चं आहे. पिकलेलं खत काळसर, हाताला भुसभुशीत, वास ओल्या मातीचा, आणि त्यातली काडी बोटानं दाबली की तुटते. कच्चं खत घातलं तर त्याला कुजवायला जिवाणू रानातलंच नत्र खातात, तेवढे दिवस भात उपाशी, आणि पाणी साचलेल्या चिखलात कच्चं खत सडून मुळं काळी पडतात, उपटून बघितलं तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. शिवाय हुमणी आणि तणाचं बी फुकटात येतं ते वेगळंच. कच्चंच असेल तर यंदा घालू नका, पुढच्या वर्षी घाला. साखर कारखान्यातली मळी (रस गाळून उरलेला गाळ, प्रेसमड) आणणाऱ्यांनापण हेच सांगणं, ताजी गरम मळी सरळ रानात नको, कुजवून घ्या.

शेणखत विकत घ्यायचं झालं तर आता ट्रॉलीचा भाव ऐकूनच माणूस मागं सरतो. त्यापेक्षा रानात धनगराची बकरी बसवा. भात काढल्यावर नाहीतर उन्हाळ्यात तळ (बकऱ्यांचा कळप मुक्कामाला) बसवला की लेंडी आणि मूत दोन्ही जागेवर पडतं, वाहतूक नाही, पसरायची मजुरी नाही, आणि लेंडीखतात नत्र शेणखतापेक्षा जास्त असतं. फक्त बकरी उठली की लगेच कुळवून घ्या. पाण्याची सोय असेल तर मे महिन्यात हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा पेरून फुलावर यायच्या आत, म्हणजे दीड महिन्याच्या आसपास, गाडून टाका, रोप लावणाऱ्यांना हे जमतं, धूळवाफ पेरणी (पावसाआधी कोरड्या रानात) करणाऱ्यांना वेळ मिळत नाही. मग त्यांनी बांधावर गिरीपुष्प लावावं, फांदी खोचली तरी जगते, पाला चिखलात टाकायला बरा. आणि काळ्या रानात भातामागं मसूर, वाटाणा, हरभरा घेता तो सोडू नका, त्याच्या मुळ्यांच्या गाठींचापण जमिनीला आधारच आहे.

रासायनिक खत कधी द्यायचं ते आता. डीएपी आणि पोटॅश पेरणीला किंवा चिखलणीला मातीत मिसळून द्या, वर फेकू नका. तांबड्या आंबट जमिनीत स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियमला चिकटून अडकून बसतो, तिथं चाळलेल्या कुजलेल्या शेणखतात डीएपी कालवून कुरीच्या (पेरायच्या अवजाराच्या) ओळीत दिलं तर जास्त लागू होतं. पण जळणाची राख कधीच युरियात, डीएपीत मिसळू नका, डोळ्याला झोंबणारा वास येतो ना, ते नत्रच उडून चाललेलं असतं. युरिया दोन हप्त्यात द्या, एक फुटवे फुटताना, धूळवाफेत पहिली कोळपणी झाली की, आणि दुसरा लोंबी पोटात धरायच्या आधी. तुडुंब पाण्यात युरिया फेकणं म्हणजे पैसे फेकणं. पावसाची उघडीप बघा, बांध फोडून पाणी काढा, पानं कोरडी असताना टाका, दोन दिवसांनी परत पाणी धरा. हे सोपं नसतं हे मला ठाऊक आहे, जुलैत उघडीप कधी मिळते आणि मिळाली त्या दिवशी दुकानात युरिया नसतो, असला तरी पोत्याबरोबर नको ती बाटली गळ्यात मारतात. म्हणून थोडा साठा मे महिन्यातच करून ठेवा, ओल लागणार नाही असा फळीवर.

रासायनिक खतानं जमीन मरते असं जे म्हणतात त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. खत विष नाही. पण नुसता युरियाच टाकत राहिलं आणि सेंद्रिय काही घातलंच नाही तर जमीन हळूहळू घट्ट होते आणि दरवर्षी जास्त युरिया मागायला लागते. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे 1970 पासून देशभर दीर्घकालीन खत प्रयोग चालू आहेत, त्यात एकट्या नत्रावरच्या प्लॉटचं उत्पन्न वर्षानुवर्षं घसरत गेलंय आणि नत्र, स्फुरद, पालाश अधिक शेणखत असं दिलेले प्लॉट टिकून राहिलेत. उलट बाजूनं, नुसत्या शेणखतावर दोन एकर भात काढायचं म्हटलं तर एकरी आठ-दहा टनांच्या पुढं लागणार, एवढं खत आज कुणाच्या घरी आहे? ज्याच्याकडं आठ-दहा जनावरं आहेत त्यानं जरूर करावं, तुमच्याकडं किती आहेत ते तुम्ही बघा.

जस्ताचं एक राहिलं. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत पानावर तांबूस तपकिरी गंजासारखे ठिपके आले आणि वाढ थांबली तर लोक परत युरियाच टाकतात. ती जस्ताची कमतरता असू शकते, खैरा म्हणतात त्याला, एकरी 8 ते 10 किलो झिंक सल्फेट लागतं, डीएपीत मिसळून देऊ नका, वेगळं द्या. शेणखत नेमानं पडणाऱ्या रानात हे कमी दिसतं.

आणि खत घालायच्या आधी, आत्ताच, मातीचा नमुना रयत संपर्क केंद्रात (कर्नाटकाच्या कृषी खात्याचं ऑफिस) देऊन या. रानातल्या सात-आठ ठिकाणची वीतभर खोलीची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो, बांधाजवळची, झाडाखालची आणि जुन्या ढिगाच्या जागेची सोडून. रिपोर्टमध्ये सेंद्रिय कर्बाचा आकडा बघा, 0.5 टक्क्याच्या खाली असेल तर तुमची पहिली ट्रॉली त्याच तुकड्यात पडायला पाहिजे, 0.75 च्या वर असेल तर तिथं नंतर घातलं तरी चालेल. दोन एकरांत दोन वेगळे तुकडे असतील तर नमुने पण वेगळे द्या.