एल्बो ग्रीस म्हणजे काय, आणि एल्बो हा शब्द आला कुठून?

एल्बो ग्रीस म्हणजे ग्रीसबिस काही नाही, निव्वळ अंगमेहनत, तीही घासण्या-पुसण्याची, म्हणजे कढईच्या बुडाला जळकं धरलं असेल तर इंग्रज म्हणेल यूज सम एल्बो ग्रीस आणि आपण म्हणू जरा जोर लाव की! १७ व्या शतकापासून हा वापर सापडतो. एल्बो म्हणजे कोपर, त्याचा मूळ शब्द जुन्या इंग्रजीतला एल्नबोगा, त्यात एल्न म्हणजे कोपरापासून पुढचा हात आणि बोगा म्हणजे बाक. याच एल्नपासून कापड मोजायचं एल नावाचं जुनं माप आलं, आपल्या हातासारखंच, आणि त्यातही गंमत बघा, इंग्लंडचा एल ४५ इंचांचा तर फ्लँडर्सचा (आजच्या बेल्जियमकडचा भाग) २७, म्हणजे कापड घेताना कुणाच्या एलने मोजलंय ते विचारणं आलंच. लॅटिन उल्ना आणि संस्कृत अरत्नि हे त्याचेच भाऊबंद, अरत्नि पण कोपर आणि माप दोन्ही. बाकी एल्बोचे नेहमीचे दोन वाक्प्रचार:

- एल्बो रूम: हलायला, वागायला मोकळीक
- गिव्ह समवन द एल्बो: डच्चू देणे (हे जास्त ब्रिटिश)

फक्त एक, एल्बो ग्रीस हाताच्या कामालाच शोभतं, परीक्षेच्या अभ्यासाला म्हणालात तर विचित्र वाटेल.