वाऱ्याचा आवाज, काच आणि बाबांचे कान

प्रश्न : काका, नमस्कार. आमचं हिंगणघाट तालुक्यात जिनिंग-प्रेसिंग आहे. आजोबांनी सुरू केलं, बाबांनी वाढवलं, आता मी पाहतो. शाळेत असल्यापासून एकच गाडी मनात होती, पोर्शे ९११. यंदा ती घ्यायचं घरात नक्की झालं. ऑर्डर देताना जी यादी भरायची असते, तिच्यात ध्वनिरोधक काचांचा पर्याय आहे आणि त्याचे पैसे वेगळे आहेत. मित्र म्हणतो, स्पोर्ट्स कार घेऊन आवाजच बंद करणार असशील तर घेतोस कशाला? बहीण म्हणते, घेऊन टाक, मागाहून बसवता येणार नाही. माझं फिरणं जास्त करून समृद्धी महामार्गावरून मुंबईकडे असतं. वर्ध्याजवळून चढतो. बाबा बहुतेक वेळा सोबत असतात. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, गाडीत तर प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते. पैसे गेल्याचं दुःख नाही, पण उपयोग झाला पाहिजे. काचा घ्याव्यात का?
– एक वाचक, हिंगणघाट

उत्तर : भाऊ, बाबांबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलं, पण माझं उत्तर तिथूनच सुरू होतं. तुम्ही एकटेच गाडी चालवणार असता तर मी लिहिलं असतं, राहू द्या, ते पैसे चांगल्या टायरांसाठी ठेवा. बाबा शेजारी बसणार आहेत, म्हणून सांगतो, घ्या. आता कारण सांगतो. ‘घ्या’ आणि ‘नका घेऊ’ म्हणणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील, कारण सांगणारे कमी.

मी पुलगावला गाड्यांच्या काचा बसवतो. ट्रक, ट्रॅव्हल्स, ट्रॅक्टरची केबिन, कार, जे येईल ते. जिनिंगमध्ये उमेदीची वर्षं घालवलेली माणसं दुकानात आली की मला लगेच ओळखू येतात. ती आपल्या ओठांकडे बघत बोलतात. रेच्यांच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या, आवाजात रोज उभं राहिलं की कान सगळा एकदम जात नाही. आधी जातो तो साधारण ४,००० हर्ट्झच्या आसपासचा भाग, म्हणजे सेकंदाला ४,००० कंपनांचा बारीक आवाज. जाड आवाज नीट ऐकू येतात, म्हणून माणसाला वाटतं आपला कान ठीक आहे, समोरचेच पुटपुटतात. पण बोलण्यातले स, श, त, क, ख हे सगळे वरच्या पट्टीत असतात. स्वर ऐकू येतो, व्यंजन निसटतं. ‘सात’ म्हटलं की ‘हात’ ऐकू येतं. बाबांना तुमचा आवाज पोचतो, शब्द पोचत नाही, असंच होत असणार.

आता काचेकडे या. दाराची नेहमीची काच एकाच थराची, तापवून कडक केलेली असते. प्रत्येक काचेची जाडीप्रमाणे आवाजाची एक कमजोर पट्टी असते. त्या पट्टीत काचेवर उठणारी लहर आणि हवेतली आवाजाची लहर जुळतात, आणि काच तेवढा आवाज जवळजवळ अडवतच नाही. ४ मिलिमीटरच्या काचेत ही पट्टी ३,००० हर्ट्झच्या आसपास येते, ३ मिलिमीटरच्या काचेत ४,००० च्या आसपास. वेगात दारावरून आणि आरशाभोवतून जाणारा वारा जो सूंऽऽ करतो, तो नेमका इथून आत शिरतो. म्हणजे बाबांचा कान जिथे कमजोर, शब्दांची व्यंजनं जिथे असतात, त्याच जागी काच दार उघडं ठेवते आणि वारा येऊन बसतो.

ध्वनिरोधक काचेत दोन पातळ काचांमध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा थर असतो. समोरच्या काचेत असतो तसाच, पण आवाजासाठी केलेल्या थराचा मधला भाग मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. काच थरथरायला लागली की हा मऊ भाग ती थरथर आपल्यात जिरवतो. काशाची थाळी वाजवून काठाला बोट लावलं की नाद मरतो, तसं. त्यामुळे वर सांगितलेली कमजोर पट्टी बरीच बुजते. आवाज मोजायचं यंत्र लावलं तर एकूण डेसिबलचा आकडा फारसा हलत नाही, आणि तो आकडा पाहूनच लोक म्हणतात की पैसे पाण्यात गेले. पण जो भाग कमी होतो तो बोलण्याच्या जागेवरचा असतो. तुमच्या घरी त्याचीच गरज आहे.

हे सगळं वेगात. वाऱ्याचा आवाज वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढतो, ६० वरून १२० ला गेलात की जवळपास १८ डेसिबलची भर. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो, यावरून अंदाज घ्या. हिंगणघाट ते वर्धा रस्त्यावर, मध्येच बैलबंडी, मध्येच ऊस नाहीतर कापसाचा ट्रॅक्टर, अशा चालीत ही काच तुम्हाला काही दाखवणार नाही. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे आणि तुम्ही तासन् तास त्याच वेगाने जाता. तिथे फरक कळेल.

मित्राची काळजी मला समजते, पण ती इथे लागू होत नाही. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असताना त्याचा मूळ स्वर १५० हर्ट्झचा असतो. हा जाड आवाज, आणि ९११ मध्ये तो मागून येतो, बॉडीतून, आसनातून, मागच्या बाजूने. दाराच्या काचेतल्या मऊ थराचं त्याच्यावर फारसं काही चालत नाही. उलट वाऱ्याची सूं कमी झाली की इंजिन जास्त नीट कानावर येतं. ज्यांना खरोखर सगळंच उघडं ऐकायचं आहे त्यांच्यासाठी पोर्शेने याच पिढीत ९११ करेरा टी काढली होती, पातळ काचा आणि कमी आवाजबंदी देऊन, वजन वाचवायला. ती वेगळ्या माणसाची गाडी. वजनाचं म्हणाल तर काच प्रत्येक चौरस मीटरला आणि प्रत्येक मिलिमीटर जाडीला अडीच किलो भरते. दीड टनाच्या गाडीत दारामागे किलो-दीड किलो वाढलं तरी तुम्हाला कळणार नाही.

एक गोष्ट मात्र आधीच मनात धरून ठेवा. समृद्धी काँक्रीटची आहे. काँक्रीटवर टायर जो घरघरतो तो काचेतून कमी आणि चाकातून, सस्पेन्शनमधून, तळातून जास्त येतो. ९११ करेराचं मागचं टायर २९५ मिलिमीटर रुंद, त्याची बाजूची भिंत बुटकी, त्यामुळे रस्ता जसाच्या तसा आत येतो. टायरमधली हवाही साधारण २०० हर्ट्झच्या आसपास स्वतःचा हुंकार देते. काच घेऊनही हा आवाज राहणार. तो कमी करायचा तर पुढच्या वेळी आतून स्पंज लावलेले टायर त्या मापात मिळतात का ते विचारा, हवा कंपनीने दारावर लिहून दिली आहे तेवढीच ठेवा. जास्त हवा भरली की घरघर वाढते आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, काँक्रीट तापलेलं असताना, ते धोक्याचंही आहे.

ऊन या काचेने आपोआप थांबेल असं धरू नका. पीव्हीबीच्या थराने अतिनील किरण जवळजवळ सगळे अडतात, म्हणजे डॅशबोर्ड आणि चामड्याचा रंग लवकर उडत नाही. पण उष्णता अडवणारा थर ही वेगळी गोष्ट आहे. यादीत ‘ध्वनिरोधक’ लिहिलं आहे की ‘उष्णता व ध्वनिरोधक’ ते नीट वाचा. दोन्ही एकत्र मिळत असेल तर वर्ध्याच्या ४६ अंशांत मी डोळे झाकून तेच घेईन. हा मऊ थर साधारण २० अंशांच्या आसपास सगळ्यात चांगलं काम करतो, तापलेल्या काचेत त्याचा गुण उतरतो. म्हणून उन्हात उभी असलेली गाडी काढल्यावर पहिली काही मिनिटं फरक कमी वाटला तर काच खराब आहे असं समजू नका, एसीने काच निवू द्या.

आता जे शोरूममध्ये बहुधा कोणी सांगत नाही ते सांगतो. कडक केलेली साधी काच टोकदार हातोडीने एका घावात चुरा होते. दोन थरांची काच होत नाही, तडे जातात पण जागेवर राहते. चोराला ती अडवते हे चांगलं. पण गाडी पाण्यात अडकली तर तुम्हालाही अडवते. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१९ मध्ये काच फोडायची सहा साधनं तपासली. साध्या काचेवर चार चालली, दोन थरांच्या काचेवर एकही नाही. आपल्याकडे ऑगस्टमध्ये नाल्यावरून पाणी जात असताना गाडी घालणारे दर वर्षी दिसतात, म्हणून हे ठळक सांगतो आहे. काचेच्या कोपऱ्यात छापलेला शिक्का वाचा, काच लॅमिनेटेड (दोन थरांची) आहे की टेम्पर्ड (कडक केलेली साधी) ते त्यावर असतं. गाडीची कोणती काच साधी आहे ते घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवा. आणि पाण्यात गाडी तरंगतेय असं वाटलं की पहिलं काम काच खाली करणं, फोन नंतर.

बहिणीचं म्हणणं खरं आहे, ही काच नंतर बाहेरून बसवण्याच्या नादी लागू नका. ९११ च्या दाराला काचेभोवती चौकट नाही. हँडल ओढलं की काच थोडी खाली येते, दार लागलं की वर जाऊन रबरात बसते. जाडी आणि वळण जरासं चुकलं तरी शिट्टी सुरू होते आणि मग आधीचंच बरं होतं असं वाटतं. कारखान्यातूनच येऊ द्या. उद्या फुटली तर विम्याचा विचार कराल, तर नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत काचेच्या भागावर घसारा कापत नाहीत. सक्तीची वजावट तेवढी तुमच्याकडे राहते, आणि क्लेम केला की नो-क्लेम बोनस जाऊ शकतो, एजंटला ते आधी विचारून ठेवा.

पैसे भरण्याआधी शोरूमकडे हट्ट धरा. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एक या काचेची, एक साधी, टायर सारखे, रस्ता तोच, वेग तोच. जिथे परवानगी आहे तिथे १००-१२० ने जा, एसीचा पंखा दोन्हीत एकाच पट्टीवर ठेवा. बाबांना शेजारी बसवा आणि समोर बघत, नेहमीच्या आवाजात त्यांच्याशी कापसाच्या भावाचं बोला. आकडे सांगा, सात हजार की आठ हजार, आणि त्यांना परत म्हणायला लावा. मोबाइलवरच्या डेसिबलच्या अॅपपेक्षा ही परीक्षा खरी. त्यांनी न विचारता बरोबर सांगितलं तर यादीत खूण करा. दोन्ही गाड्यांत सारखंच चुकलं तर पैसे वाचवा आणि त्यांना आधी कानाच्या डॉक्टरांकडे न्या. खरं तर डॉक्टरांकडे कसंही न्याच, काच श्रवणयंत्राची जागा घेत नाही.

आणि भाऊ, जिनिंगमध्ये तुम्ही स्वतः उभे राहता तेव्हा कानात बोळे घालता का? कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. रेच्याजवळ उभं राहून शेजारच्याला ओरडून सांगावं लागत असेल तर तुम्ही त्या मर्यादेजवळ आहात असं धरा. तुमच्यासाठी आणि तुमच्या मजुरांसाठी बोळ्यांचा डबा या हंगामात दिवाळीआधी आणून ठेवा. गाडीच्या पर्यायापेक्षा तो फार स्वस्त पडेल आणि तुमचा कान बाबांच्या वाटेने जाणार नाही.

प्रश्न : माझी जुनी हॅचबॅक आहे. समृद्धीवर ९० च्या पुढे गेलं की फार आवाज येतो. मेहकरला एक दुकानदार म्हणतो, काचांना फिल्म लावा, ऊन आणि आवाज दोन्ही कमी होतील. लावू का?
– एक वाचिका, मेहकर

उत्तर : ताई, आवाजासाठी नका लावू. फिल्म काचेच्या एका बाजूला चिकटते, ती मिलिमीटरच्या छोट्याशा भागाएवढी पातळ असते. थरथर जिरवायला दोन काचांच्या मध्ये मऊ थर लागतो, तो तिच्यात नाही. शिवाय नियम आहे, समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवर फिल्म लावायलाच मनाई केली होती, पुढे नियमांत बदल झाला. दुकानदार लावून मोकळा होईल, उजेड त्याहून कमी आला तर दंड तुम्हाला भरावा लागेल.

त्याऐवजी हे करा. घरी दाराच्या फटीत वहीचा कागद ठेवून दार लावा आणि कागद ओढा. नीट धरून ठेवलेल्या रबरातून तो अडखळत येतो. जिथे सहज निघेल तिथे खडूने खूण करा, चारही दारांना, वरच्या बाजूला आणि आरशाजवळ विशेष. मग त्याच जागांवर कागदी चिकटपट्टी लावून एकदा समृद्धीवर जाऊन या. आवाज पडला तर दोष रबराचा, उन्हाने ते कडक झालेलं असतं. तेवढं रबर बदलून, दाराचा खटका थोडा आत सरकवून घ्या. आवाज पडला नाही तर टायरवरून हात फिरवून पाहा, एका बाजूने गुळगुळीत आणि उलट फिरवल्यावर करवतीसारखं टोचलं तर अलाइनमेंट बिघडली आहे. आणि वळणावर एका बाजूला वजन गेलं की घरघर बदलत असेल तर बेअरिंग. ते मात्र याच आठवड्यात दाखवा.