फिजीच्या लाऊ बेटांवर शिडाच्या बोटीने जातोय. निर्जन बेटं आहेत, मासेमारीला कोणाला विचारावं लागत नाही ना? आणि स्पिअरगन कोणती न्यावी?

गन कोणतीही चांगली न्या. लगूनच्या, म्हणजे प्रवाळकड्याने वेढलेल्या शांत पाण्याच्या, आत नव्वद सेंटिमीटरची पुरते. बाहेरच्या कड्याला वालू, म्हणजे आपली सुरमई, मारायची असेल तर लांब गन आणि दोरीला फ्लोट. पण 'कोणाला विचारावं लागत नाही ना' हे वाचलं आणि राहवलं नाही.

विचारावं लागतं. बेटावर घर दिसत नसलं तरी तिथल्या खडकावर, तिथल्या पाण्यावर परंपरेने कुठल्या ना कुठल्या गावाचा मासेमारीचा हक्क असतो. अशा पाण्याला तिकडे गोलीगोली म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या ते गाव तिथे मासे मारतं आणि कधी थांबायचं तेही तेच ठरवतं.

मी दक्षिण लाऊमधल्या फुलांगाला गेलो तो एका जुन्या मित्राच्या बोटीवर क्रू म्हणून. मित्र दादरचा, आता ऑकलंडला असतो. फिजीतल्याच सावुसावु बंदराहून व्यापारी वारे तोंडावर घेत आलो, ऊन डोक्यावर असताना प्रवाळकड्यातल्या खिंडीतून आत शिरलो, नांगर टाकला. चुनखडीचे डोंगर पाण्यालगत कुरतडलेले, छत्र्यांसारखे उभे. मित्राने लगेच फिन्स काढले. मी म्हटलं, आधी गावात. तो म्हणाला, "समुद्र काय कोणाच्या बापाचा आहे?"

हे वाक्य मी मालवणात लहानपणापासून ऐकतोय. माझे काका रापणीवाले, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे. बाहेरचे ट्रॉलर रात्री किनाऱ्यालगत येऊन जाळी फाडून जायचे, आणि सकाळी जाब विचारला की नेमकं हेच उत्तर मिळायचं. त्यामुळे मी हटून बसलो. त्या दिवशी कोणी पाण्यात उतरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुलू, म्हणजे तिकडची लुंगी, गुंडाळून, टोप्या-गॉगल काढून, पाठीवरच्या पिशव्या हातात घेऊन गावात गेलो. तुरांगा नी कोरो, म्हणजे गावचा कारभारी, आम्हाला मुखियाकडे घेऊन गेला. यांगोनाच्या, म्हणजे कावा हे पेय ज्यापासून करतात त्या झाडाच्या, मुळांची जुडी, वर्तमानपत्रात बांधलेली, चटईवर त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती हातात घेतली, खालच्या आवाजात बराच वेळ काही बोलले, टाळ्या झाल्या. याला सेवुसेवु म्हणतात. त्या क्षणापासून आम्ही गावचे पाहुणे. दुपारी गावातला एक पोरगा स्वतःहून डिंगीत येऊन बसला आणि कुठे उतरायचं ते दाखवत गेला. मित्राने तांबोशीसारखा दिसणारा मोठा रेड बास हेरला, तर पोराने मान हलवून त्याला थांबवलं. तो मासा सिग्वाटेरासाठी, म्हणजे मासे खाऊन होणाऱ्या एका विषबाधेसाठी, बदनाम आहे. हे विष शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, चवीला कळत नाही. बाधा झाली की नंतर थंड पाणीही हाताला चटका देतं.

मित्र आजही म्हणतो की ते सगळं पर्यटकांसाठीचं नाटक. मी म्हणतो, ज्याच्या दारात जाळं फाटलेलं नाही त्याला ते नाटकच वाटणार. तुम्ही वाका, म्हणजे यांगोनाची सुकी मुळं, सावुसावुच्या बाजारातून घ्या. पावडर नको. प्रत्येक गावासाठी साधारण अर्धा किलोची वेगळी जुडी लागते.

हो, एक राहिलं. २०१८ पासून १ जून ते ३० सप्टेंबर हेकरूच्या जातींवर, कावाकावा आणि दोनूवर, तिथे बंदी असते. तो त्यांचा अंडी घालण्याचा काळ, आणि नेमका तुमचा बोटीचा हंगाम. निघण्याआधी त्या वर्षीचे नियम बघून घ्या. मारलेला मासा कमरेला लटकवू नका, लगेच डिंगीत टाका, शार्क येतात. आणि दोघांनी एकदम बुडी मारायची नाही. एक खाली, दुसरा वर त्याच्यावर नजर ठेवून, कारण शुद्ध हरपते ती बहुतेक वेळा वर येताना, शेवटच्या काही मीटरांत किंवा डोकं पाण्याबाहेर आल्यावर लगेच.