टोकन देण्याआधी विचारा

घर घेणाऱ्या-विकणाऱ्या वाचकांची बहुतेक पत्रं या वेळीही पैसे देऊन झाल्यावर लिहिलेली आहेत. टोकन दिलं, पेढे वाटले आणि मग कागद दाखवायला वकील शोधला. मी पुण्यात मालमत्तेच्या व्यवहारांचं काम करते. माझ्याकडे येणारी बरीचशी भांडणं ज्या कागदावरून पेटतात, तो कागद टोकनाच्या आदल्या दिवशी वाचता आला असता. म्हणून त्याच शंकांना पुन्हा उत्तरं देते आहे.

बिल्डर म्हणतो, रविवारपर्यंत २० टक्के भरले तर रेट लॉक होईल, करार दोन महिन्यांनी करू. भरू का? (वाकड)

नाही. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. अलॉटमेंट लेटर म्हणजे करार नव्हे. ‘रविवारपर्यंत’ ही मुदत तुम्हाला विचार करायला वेळ मिळू नये म्हणून असते. तेवढ्या वेळात महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका आणि ताब्याची तारीख बघा. सेल्स ऑफिसात सांगितलेली तारीख आणि महारेराला दिलेली तारीख यांत वर्षा-दोन वर्षांचं अंतर मी अनेकदा पाहिलं आहे. कराराचा मसुदा आधी मागून घ्या आणि वकिलाला दाखवा. मसुदा द्यायला कोणी का-कू करत असेल तर १० टक्केही देऊ नका.

पत्नीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्क कमी लागतं का? (सांगली)

हो, १ टक्का कमी. पण राहतं घर फक्त स्त्रीच्या नावावर हवं, सोबत तुमचं नाव घातलंत की सवलत गेली.

तयार फ्लॅटवर जीएसटी लागतो का? (नाशिक)

भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला दिलेली परवानगी) मिळाल्यानंतर घेतलेल्या फ्लॅटवर नाही, आणि जुन्या फ्लॅटवर नाहीच.

फ्लॅट विकतोय. सोसायटीची कमिटी एनओसीसाठी (ना हरकत पत्रासाठी) दोन लाख रुपये ‘इमारत निधीला देणगी’ म्हणून मागते आहे. (ठाणे)

महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावे करताना सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त २५,००० रुपये. हा शासनाचा आदेश २००१ पासून आहे आणि तरीही दर महिन्याला हा प्रश्न येतो. देणगी स्वेच्छेची असते, अडवून घेतलेल्या पैशाला देणगी म्हणत नाहीत. आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) हस्तांतरणाला सोसायटीची एनओसी सक्तीची नाही. अडचण एवढीच, की खरेदीदाराची बँक ती मागते आणि कमिटीला हे ठाऊक असतं. तुमची मेंटेनन्सची थकबाकी पूर्ण भरा, एनओसीसाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि देणगीची मागणीही लेखी द्यायला सांगा. कमिटी ती लेखी देणार नाही. तरीही अडवलं तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करा. हे सगळं गिऱ्हाईक ठरण्याच्या आधी सुरू करा, कारण घाईतला विक्रेता पैसे देऊन मोकळा होतो.

बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद क्लिअर आहेत ना? (कोथरूड)

नाही. बँकेचा वकील बँकेला अहवाल देतो, तुम्हाला नाही, आणि तो बँकेच्या वसुलीच्या नजरेनं कागद बघतो. प्रकल्पाच्या गेटवरचा ‘अमुक बँकांची मंजुरी’ हा फलक जाहिरात आहे. तीस वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे मालमत्तेच्या जुन्या व्यवहारांची तपासणी, तुमच्या वकिलाकडून घ्या.

चाकणजवळ २८ लाखांत वन बीएचके मिळतोय, आजूबाजूच्या दरापेक्षा बराच स्वस्त. एजंट म्हणतो, इथे नोंदणी ‘बंद’ आहे, सगळे नोटरीच करतात. पाचशेच्या स्टॅम्पवर करारनामा, कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीनं व्यवहार करण्याचा अधिकार) आणि लगेच ताबा. वीजबिल, घरपट्टीही नावावर करून देणार. घ्यावा का? (भोसरी)

घेऊ नका. या उत्तराला जरा जागा लागेल, कारण माझ्याकडे येणाऱ्यांत सर्वांत जास्त नुकसान याच एका समजुतीनं झालेलं मी पाहते.

नोटरी काय करतो? समोर बसून सही करणारा माणूस तोच आहे, याची साक्ष देतो. घर त्या माणसाचं आहे का, हे तो तपासत नाही. तो कागद दुय्यम निबंधकांच्या, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याच्या दप्तरात जात नाही, त्याचा इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी उतारा) निघत नाही. त्यामुळे तोच फ्लॅट त्याच आठवड्यात आणखी तिघांना विकला तरी कुणाला कळणार नाही, आणि चौघांच्याही हातात लाल शिक्क्याचा सारखाच कागद असेल.

कायदा इथे अजिबात गुळमुळीत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चा. शंभर रुपयांच्या वरची स्थावर मालमत्ता नोंदणीकृत दस्तानंच विकता येते, हे त्याच्या कलम ५४ मध्ये आहे. पूर्वी नोंदणी नसलेल्या साठेखतावर (पुढे विक्री करण्याच्या करारावर) ताबा घेतलेल्याला थोडं तरी संरक्षण होतं, ते २००१ च्या दुरुस्तीनं गेलं. आणि करारनामा, कुलमुखत्यारपत्र, मृत्युपत्र अशी चवड देऊन केलेल्या विक्रीनं मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं. कुलमुखत्यारपत्र देणारा वारला, की बहुतेक वेळा ते पत्रही संपतं.

आता ‘नोंदणी बंद आहे’ या वाक्याकडे बघा. एजंट ते असं सांगतो, जणू सरकारी ऑफिसला सुट्टी आहे. नोंदणी होत नाही ती कशामुळे, हे त्याला विचारा. जमीन अजून शेतीचीच आहे? तुकडेबंदीत (जमिनीचे लहान तुकडे विकण्यावरच्या बंदीत) अडकली आहे? बांधकामाला परवानगी नाही? रेरा नोंदणी नाही? यांपैकी एक तरी कारण निघतंच, आणि फ्लॅट स्वस्त आहे तोही त्यामुळेच. जो दोष दुय्यम निबंधकांना अडवतो, तोच उद्या तुमच्या खरेदीदाराला आणि त्याच्या बँकेलाही अडवणार आहे.

वीजबिलाचं म्हणाल तर ते वीज वापरणाऱ्याच्या नावानं येतं. घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते, ती भरली म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. सातबारासुद्धा महसुली नोंद आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे.

काही वर्षांपूर्वी एक रिक्षाचालक आणि त्यांची बायको माझ्याकडे आले. गावची जमीन विकून त्यांनी असाच फ्लॅट नोटरीवर घेतला होता. पाच वर्षांनी मूळ मालक वारला आणि त्याच्या मुलानं तोच फ्लॅट दुसऱ्याला रीतसर नोंदणी करून विकला. यांच्याकडे पाच वर्षांची वीजबिलं होती, प्लास्टिकच्या पिशवीत तारखेप्रमाणे लावलेली. त्या बाईंनी ती एकेक करून माझ्या टेबलावर मांडली. दावा अजून चालू आहे.

हिशेब करून बघा. पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क धरलं, तर २८ लाखांवर १ लाख ९६ हजार, आणि १ टक्का नोंदणी फी २८ हजार. म्हणजे सव्वादोन लाख वाचवायला तुम्ही अठ्ठावीस लाख उघड्यावर ठेवताय.

ज्यांनी असं घर आधीच घेतलं आहे, त्यांनी सगळे कागद घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे जावं. मूळ मालक हयात आणि तयार असेल, जमिनीत मोठा दोष नसेल, तर दंडासह शुल्क भरून अजून काही करता येईल. तो माणूस गेल्यावर तुमची गाठ त्याच्या वारसांशी पडते.

वडील गेले. फ्लॅट त्यांच्या नावावर, नॉमिनी आई. सोसायटीनं आईचं नाव लावलं आहे. आई एकटी विकू शकते ना? बहिणीचं लग्नात सगळं केलं आहे. (कोल्हापूर)

नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीनं सांभाळणारा असतो. सोसायटी त्याला नोंदवते ती तात्पुरता सभासद म्हणून, त्यानं मालकी ठरत नाही. मृत्युपत्र नसेल आणि घर वडिलांनी स्वतः कमावलेलं असेल, तर हिंदू वारसा कायद्यानं आई, तुम्ही आणि बहीण यांचा वाटा सारखा. लग्नात काय दिलं याचा इथे संबंध नाही, आणि ‘तिचं केलं की सगळं’ हे वाक्य निदान तिच्यासमोर तरी बोलू नका. तुमची आजी, म्हणजे वडिलांची आई हयात असेल तर तिचाही तेवढाच वाटा आहे, हे बहुतेकांना माहीतच नसतं. एक तर सगळ्यांनी खरेदीखतावर सह्या कराव्यात, नाही तर ज्यांना वाटा नको आहे त्यांनी हक्कसोडपत्र नोंदवून द्यावं. बहिणीवर दबाव आणून घेतलेली सही पुढे दाव्याचा विषय होते. मृत्युपत्र आहे का, हे आधी शोधा आणि वारस दाखल्याची गरज पडेल का, हे स्थानिक वकिलांना विचारा.

खरेदीदार म्हणतो, १५ लाख रोख घ्या, तुमचाही टॅक्स वाचेल. (औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर)

घेऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतली तर घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, म्हणजे तुम्हाला १५ लाखांचा.

माझ्या फ्लॅटवर कर्ज चालू आहे. विकता येईल का? (डोंबिवली)

येतो. बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि तिच्याकडच्या मूळ कागदांची यादी घ्या. त्या रकमेचा चेक खरेदीदाराच्या बँकेनं थेट तुमच्या कर्जखात्याच्या नावे द्यावा, हे करारातच लिहा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. ती मागायला लाजू नका.

गेल्या ऑक्टोबरमध्ये जुना फ्लॅट विकला. मित्र म्हणतो, नफ्यावरची करसूट मिळवायची तर नवीन घ्यायला तीन वर्षं आहेत, तोवर पैसे एफडीत ठेव. (मिरज)

तीन वर्षं बांधण्यासाठी आहेत. विकत घ्यायला विक्रीपासून दोनच. आणि साधी एफडी चालत नाही. त्या वर्षीच्या विवरणपत्राच्या अंतिम तारखेपर्यंत घर घेतलं नाही, तर न वापरलेला नफा भांडवली नफा खात्यात भरावा लागतो. बँकेत ते खातं याच नावानं मागायचं. तारीख चुकली तर सूट हातची जाऊ शकते. तुमचा जुना फ्लॅट २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेला असेल तर १२.५ टक्के आणि महागाई निर्देशांकासह (जुनी खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून) २० टक्के, असे दोन्ही हिशेब करून कमी कर कशात येतो ते बघायचं असतं. जुन्या खरेदीखताची प्रत, तेव्हाच्या मुद्रांक शुल्काची पावती आणि घरात केलेल्या मोठ्या कामांची बिलं शोधून काढा आणि सी.ए.ना भेटा. त्या अंतिम तारखेला किती दिवस उरलेत, ते आजच कॅलेंडरवर बघा.