लिम्फॅटिक इंटरव्हेन्शनची (लिम्फच्या वाहिन्यांवर चिरफाड न करता सुईने इलाज करण्याची) प्रॅक्टिस नव्याने सुरू करायची तर आधी काय विकत घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की फेलोशिप नुकतीच संपली, जिल्ह्याच्या गावी हॉस्पिटल जॉइन केलंय आणि मॅनेजमेंटला सामानाची यादी द्यायचीय. यादी देतो, दोन ओळींत संपते. पण त्याआधी एक शंभर पानी वही घ्या. का ते सांगतो, आणि त्यात माझा जुना राग आहे हे आधीच कबूल करून टाकतो.

सहा-सात वर्षं झाली असतील. अन्ननलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेला एक पेशंट, वाशीमकडचा शेतकरी. पहिले तीन-चार दिवस पोटात काही नव्हतं तेव्हा छातीच्या नळीतून पिवळसर पाणी यायचं, कुणाला शंका आली नाही. मग जेजुनोस्टॉमीतून (लहान आतड्यात बसवलेल्या नळीतून) फीड सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत चक्क ताक! त्यातलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे चरबी, सहाशेच्या वर, म्हणजे वाद घालायला जागाच नाही (एकशेदहाच्या वर गेलं तरी कायल, म्हणजे आतड्यातली चरबी वाहून नेणारा दुधी रस, गळतोय असं समजतात). फीड बंद, टीपीएन (शिरेतून पोषण), ऑक्ट्रिओटाइड (कायल कमी करायचं औषध), सगळं शास्त्रोक्त चालू. आणि रोज दीड लिटरच्या वर ड्रेन. सर्जन म्हणायचे, थांबू या. थांबता थांबता अठरावा दिवस उजाडला, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन घसरून १.९, माणूस कॉटवर सापडेना इतका वाळला. मग म्हणाले छाती पुन्हा उघडू, तर भूलवाल्या मॅडमनी हात जोडले. तेव्हा कुठे कुणाला तरी आमची, सुईवाल्या रेडिओलॉजिस्टांची, आठवण झाली. सगळे डॉक्टर करून झाले की शेवटी देवऋष्याकडे नेतात ना, तसं.

मी तोवर स्वतः एकही केस केलेली नव्हती, फेलोशिपमध्ये तीन पाहिलेल्या, त्यातल्या एकीत माझं काम फक्त सिरिंज भरून देणं. कॅथलॅब हार्टवाल्यांची, ती शनिवारी दुपारी रिकामी मिळाली. दोन्ही जांघेतल्या गाठी सोनोग्राफीवर धरल्या, साधाच लिनिअर प्रोब, २५ नंबरची स्पायनल सुई गाठीच्या मध्याशी, आणि लिपिओडॉल (एक्स-रेवर दिसणारं आयोडीनयुक्त तेल) थेंबाथेंबाने. मिनिटाला पाव मिली, त्याहून घाई केली की तेल गाठीबाहेर पसरतं आणि ती गाठ वाया जाते. वीसेक मिनिटांत अंगठा बधिर झाला, आणि तेवढ्यात थ्री-वेला (सिरिंजला जोडायच्या तीन तोंडी तोटीला) तडा जाऊन तेल माझ्या ग्लोव्हवर. लिपिओडॉल काही प्लास्टिक खातं हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण वाचलेलं काय आणि हातावर ओघळलेलं काय. आमचे टेक्निशियन मामा मागून म्हणाले, "सर, आमच्या वेळी पायाच्या बोटांत निळं औषध टोचून, पायावर चीर देऊन नस शोधायचे, सकाळी बसलं की जेवायच्या सुट्टीपर्यंत तेच." खरंय, किनमॉन्थ या ब्रिटिश सर्जनची ती पद्धत पन्नासच्या दशकातली, सीटी आल्यावर लोक विसरूनच गेले. नव्वदच्या दशकात फिलाडेल्फियात कोप या रेडिओलॉजिस्टनी पोटातून सुई घालून थोरॅसिक डक्ट (कायल पोटातून छातीमार्गे वर नेणारी मुख्य नळी) बंद करून दाखवली, आणि २०११-१२ च्या सुमारास जांघेतल्या गाठीतूनच तेल द्यायची युक्ती रुळली, म्हणून तर आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आलं हे.

असो. तेल वर चढताना मुंग्यांची रांग दिसते तसं दिसतं. पाऊण तासात कमरेच्या एल-१, एल-२ मणक्यांच्या उजवीकडे सिस्टर्ना (डक्टच्या तळाची थैली) भरली, मनुक्याएवढी. आणि पाठीच्या डी-८ मणक्याच्या पातळीवर उजव्या छातीत तेल सांडताना दिसलं, लीक डोळ्यासमोर. मग चिबा या लांब बारीक सुईने पोटातून सिस्टर्ना धरायची. नऊ वेळा टोचलं. दोनदा लागली, वायर आत जाऊन वळून बसायची, वर सरकेना. लेड ॲप्रनखाली शर्ट पिळून काढावा इतका भिजला. शेवटी सोडून दिलं, डक्ट बुजवायच्या ग्लूपर्यंत गेलोच नाही. बाहेर बायको उभी होती, तिला सांगितलं की पुरतं जमलं नाही. ती म्हणाली, "मग आता साय काढलेलं दूध चालंल का त्यायले?" मला बोलता येईना.

दुसऱ्या दिवशी ड्रेन १६५० मिली. मग ११००, ६००, २००. नवव्या दिवशी नळी काढली.

का थांबलं? एक तर तेलच गळतीच्या जागी सूज आणून भोक बुजवतं. दुसरं म्हणजे नऊ वेळा टोचून मी ती वाट खालीच फाडली होती, कायल छातीत चढायच्या आधीच पोटामागे मुरला. ग्लू न घालता असं थांबणं माहीत असलेली गोष्ट आहे, चमत्कार नाही. पण महिनाअखेरच्या मीटिंगला सर्जनच्या स्लाइडवर काय होतं? "कन्झर्व्हेटिव्ह मॅनेजमेंटने बरा." मी हात वर केला तर म्हणाले, अरे तुझी प्रोसीजर फेल गेली असं तूच नोटमध्ये लिहिलंयस की! आणि खरंच लिहिलं होतं मी. सगळे हसले. अठरा दिवस तेच टीपीएन, तेच ऑक्ट्रिओटाइड, ड्रेन तसूभर हलला नाही, आणि सुई टोचल्यावर नऊ दिवसांत नळी निघाली, तर श्रेय टीपीएनला!

म्हणून वही. कॉल आला की पहिल्या दिवसापासून रोजचा ड्रेन, पोटात काय चाललंय, सुई कधी टोचली, सगळं तारखेनिशी स्वतःच्या अक्षरात. नोटमध्ये "फेल" कधीही लिहू नका, "लिम्फॅन्जिओग्राफी झाली, लीक दिसला, डक्टमध्ये कॅथेटर गेला नाही" असं लिहा. आणि सर्जनला आधीच सांगून ठेवा की लिटरच्या वर ड्रेन असेल तर पाचव्या दिवशी बोलवा, अठराव्या नाही. प्रॅक्टिस मशीनवर नाही हो उभी राहत, त्या फोनवर राहते.

यादी: २५ ची स्पायनल, २१-२२ ची लांब चिबा, ०.०१८ ची कडक वायर, मायक्रोकॅथेटर, कॉइल, ग्लू, पाच टक्के डेक्स्ट्रोज, लिपिओडॉल आणि तेलाला टिकेल असा थ्री-वे. निम्मं तुमच्या कॅथलॅबच्या कपाटात आत्ताही असेल. एमआर लिम्फॅन्जिओचं (एमआरआयवर लिम्फच्या वाहिन्या बघण्याचं) विचारलंत, ते लहान मुलांत आणि फॉन्टान (जन्मजात हृदयदोषाचं ऑपरेशन) झालेल्या पेशंटमध्ये फार कामाचं, पण पहिल्या वर्षी त्यावर अडून बसू नका.

आणि दुधी लघवीवाले, म्हणजे कायल लघवीत उतरणारे, विसरू नका. आमच्या गडचिरोली-भंडाऱ्याकडे हत्तीरोगाचा पट्टा आहे, तूप-मटण खाल्लं की लघवी पांढरी होते असं सांगणारे येतात, युरॉलॉजिस्टशी बोलून ठेवा. बहुतेकांचं पथ्यावर आणि त्यांच्या स्क्लेरोथेरपीवर (औषध सोडून गळती बुजवण्यावर) भागतं, उरलेले तुमचे.

हे आधी सांगायला हवं होतं: तेल शेवटी फुफ्फुसात जातं, म्हणून फुफ्फुस आधीच खराब असेल तर हात आखडता, आणि हृदयात उजवीकडून डावीकडे रक्त जाणारी वाट (शंट) असेल तर तेल मेंदूत जाऊ शकतं, तेव्हा एको बघितल्याशिवाय सुई उचलू नका. डक्ट बंद केल्यावर काहींना पायाला सूज किंवा जुलाब मागे लागतात, तेही सहीच्या आधी सांगा. आणि लीटरच्या वर ड्रेन असताना नुसत्या तेलावर थांबेल असं नातेवाइकांना कबूल करू नका, माझा पेशंट नशीबवान होता. सर्जनसमोर मात्र मी हे वाक्य अजून बोललेलो नाही.