हातकुऱ्हाड आणि 'जीवाश्म'

सोलापुरातील एका वाचकांनी विचारले आहे की, शहरातील एका प्रदर्शनात दगडी हातकुऱ्हाडीच्या चित्राखाली 'आदिमानवाचा जीवाश्म' असे लिहिले होते, ते बरोबर आहे काय, आणि नसल्यास त्या वस्तूला काय म्हणावे.

ते साफ चूक आहे. जीवाश्म हा जीवाच्या देहाचा अवशेष असतो किंवा त्याने मागे ठेवलेला ठसा. टांझानियातील लेटोली येथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची पावले जीवाश्म आहेत. माणसाने घडवलेले हत्यार मात्र नाही. व्याख्यानांतूनही सतत कानी पडणाऱ्या या गोंधळाचा मला राग येतो, कारण त्यामुळे पुराव्याचे मोलच कळेनासे होते. भारतात दगडी हत्यारे विपुल सापडतात. परंतु ती घडवणाऱ्या प्राचीन मानवाची हाडे इतकी दुर्मिळ आहेत की, अरुण सोनकिया यांना १९८२ मध्ये नर्मदाकाठच्या हथनोरा येथे कवटीचा जो भाग मिळाला, त्याच्यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे.

'दगड झाल्याशिवाय जीवाश्म नव्हे' असे बजावणारे शब्दपंडितही मला मान्य नाहीत. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर २००३ मध्ये सापडलेली बुटक्या मानवाची हाडे दगड झालेली नव्हती, ओलसर आणि मऊ होती. तरीही मानवी जीवाश्मांत त्यांची गणना होते.

मात्र या शब्दातील 'अश्म' विलक्षण आहे. संस्कृत 'अश्मन्' म्हणजे दगड, आणि त्याचाच सख्खा भाऊ असलेला, अवेस्ता या पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथातील 'अस्मन्' म्हणजे आकाश. त्यावरून फारसी 'आसमान' आले आणि पुढे आपले 'अस्मान'. दुष्काळाने पोळलेला आपला जिल्हा ज्या अस्मानी-सुलतानीचे नाव घेतो, त्या 'अस्मानी'त आणि 'जीवाश्मा'त एकच शब्द दडलेला आहे. दगडाचे आकाश कसे झाले? प्राचीनांना आकाश हा दगडी घुमट वाटे, असे विद्वान सांगतात. मला हे स्पष्टीकरण फार पुस्तकी वाटते. ऋग्वेदात इंद्राला 'आकाशातून अश्म खाली फेक' अशी विनवणी आहे; तेथे अश्म म्हणजे वज्र. शिवाय जमिनीत सापडणाऱ्या जुन्या दगडी कुऱ्हाडी विजेबरोबर आकाशातून पडल्या, अशी समजूत युरोपापासून आशियापर्यंत अनेक समाजांत होती. आपल्याच पूर्वजांचे हत्यार ओळखू न आल्याने लोकांनी ते देवाच्या हाती दिले आणि त्या दगडाचे नाव आकाशाला चिकटले, असे माझे ठाम मत आहे. घुमटाची कल्पना नंतरच्या पंडितांनी जोडली असावी.

चित्राखाली 'अश्मयुगीन हातकुऱ्हाड' असे लिहावे.